घाटातला जुना गडी

२९ जून २०१३. कोर्सिका बेटावर शंभराव्या टूर द फ्रान्स या सायकलशर्यतीचा पहिलाच टप्पा. शेवटच्या काही किलोमीटरांत जथ्यात पडापड झाली आणि वेल्सचा गेरेंट थॉमस रस्त्यावर आदळला. कटीच्या हाडाला तडा गेला. पुढचे काही दिवस त्याला आपली आपण सायकलवर टांग टाकता येत नव्हती, कुणीतरी धरून बसवायचं. एकदा बसला की मात्र पाय फिरायचे. असे आणखी वीस टप्पे काढून त्याने पॅरिस गाठलं आणि अंतिम यादीत १४० वा आला. त्याच्या संघाचा कप्तान क्रिस फ्रूम पहिला आला.

योगायोग असा की, २००७ साली, स्पर्धेतला सगळ्यात लहान पोरगा म्हणून पहिल्यांदा टूरमध्ये उतरला तेव्हाही थॉमस १४० वाच होता. शेवटून दुसरा. आणि २०१८ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हाच माणूस टूर जिंकला.

मधल्या वर्षांत तो काय करत होता? फ्रेंचमध्ये त्या कामाला ‘दोमेस्तीक’ म्हणतात. शब्दाला सरळ मराठी प्रतिशब्द आहे: घरगडी. फ्रेंच मंडळींना हा शब्द थोडा हिणवायलाच सुचला असणार. आपल्याकडे मात्र कबड्डी-खोखोच्या मैदानावर प्रत्येक खेळाडू ‘गडी’च असतो, त्यामुळे मराठीत तो टोचत नाही. उलट या खेळाची अर्धी रचनाच त्या एका शब्दात सांगून होते.

गडी राबतो तो कप्तानाला जिंकवण्यासाठी. त्याची कामं बघायला साधी असतात. मागे रेंगाळत संघाच्या गाडीपाशी जायचं, जर्सीच्या पाठीत, पोटाशी जमतील तेवढ्या पाण्याच्या बाटल्या कोंबायच्या आणि तेवढं ओझं घेऊन परत पुढे यायचं. थोडक्यात, पाणक्या. कप्तानाचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. पण सगळ्यात मोठं काम दिसत नाही, कारण ते हवेशी असतं.

गावाकडे उसाच्या ट्रॉलीमागे ज्याने सायकल दामटली आहे (करू नये, आम्ही केलं), त्याला हे गणित पायांनी कळलेलं असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि तो मोडायला लागणारी ताकद घनाच्या पटीत. म्हणजे ताशी ४० किलोमीटरचा वेग ४४ वर न्यायचा तर वेग वाढतो दहा टक्के, पण हवेवर खर्च होणारे वॅट वाढतात तेहतीस टक्के. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. दुसऱ्याच्या चाकाला चिकटून चालवलं तर हा विरोध साधारण तीस ते चाळीस टक्के कमी होतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेन विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या जथ्याचा संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात अभ्यास केला. जथ्याच्या पोटात, मागच्या भागात असलेल्या स्वाराला एकट्याने चालवताना लागतो त्याच्या जेमतेम ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो, असं त्यात दिसलं. गंमत म्हणजे पुढच्यालाही मागच्याचा किंचित फायदा होतो. त्याच्या पाठीमागे तयार होणारी कमी दाबाची पोकळी मागचा भरून काढतो, म्हणून.

थॉमस हे सगळं बंदिस्त ट्रॅकवर शिकला. ‘टीम पर्सूट’ या शर्यतीत चौघे जण एका रेषेत, बोटभर अंतराने, चार किलोमीटर धावतात. पुढचा थोडा वेळ ‘हवा खातो’, म्हणजे हवेचा मारा एकटा झेलतो, मग वर सरकून शेपटाला लागतो. बीजिंगला २००८ मध्ये आणि लंडनला २०१२ मध्ये ब्रिटनच्या चौकडीने विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं, दोन्ही वेळा थॉमस त्यात होता. लंडनची वेळ होती ३ मिनिटं ५१.६५९ सेकंद. दुसऱ्यासाठी हवा खाण्याचं याहून कडक प्रशिक्षण कुठे मिळणार?

पण घाटात हे गणित फिरतं. आठ टक्क्यांच्या चढावर ताशी वीस किलोमीटर वेगाने चढणारा स्वार साडेतीनशे-पावणेचारशे वॅट खर्च करत असेल, तर त्यातले हवेवर जातात तीस-पस्तीसच. बाकी सगळं गुरुत्वाकर्षणाच्या घशात. मग आल्प्समधल्या घाटात एकाच संघाचे चार-पाच गडी रांगेने कप्तानाच्या पुढे कशाला चढतात? दहा-पंधरा वॅट वाचवायला?

तेवढ्यासाठीही चढतील, हा खेळ तसाच आहे. पण खरं कारण शरीराच्या हिशोबात आहे. प्रत्येक स्वाराची एक उंबरठ्याची ताकद असते. तिच्या खाली तो बराच वेळ चालवू शकतो. तिच्या वर गेला की एक छोटी शिल्लक खर्च व्हायला लागते. तयारीच्या स्वाराची ही शिल्लक असते साधारण २० किलोज्यूल. म्हणजे उंबरठ्याच्या १०० वॅट वर चालवलं तर दोनशे सेकंदांत, तीन मिनिटं वीस सेकंदांत, खडखडाट. पुन्हा उंबरठ्याखाली आल्याशिवाय ती भरत नाही. आता गडी जर मुळातच उंबरठ्याला खेटून वेग ठेवत असेल, तर हल्ला करू पाहणाऱ्याला पहिल्या पावलापासून शिल्लक मोडावी लागते. मनात आलं तरी पाय उठत नाहीत. टीव्हीवर हा प्रकार कंटाळवाणा दिसतो, अनेक प्रेक्षकांनी त्याबद्दल बोटं मोडली आहेत, मीही. पण घाटात सलग वीस मिनिटं काटा हलू न देता, ना पाच वॅट वर ना पाच वॅट खाली, चालवत राहणं ही कारागिरी आहे. आणि ती वयाबरोबर मुरते.

वयाचं नेमकं काय होतं, ते बघू. हृदयाचे कमाल ठोके दर दशकाला सरासरी सातने घटतात. हृदय प्रत्येक ठोक्याला किती रक्त ढकलतं ते सरावाने टिकवता येतं, ठोक्यांची कमाल संख्या टिकवता येत नाही. त्यामुळे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा तिशीनंतर उतरू लागतो. बैठं काम करणाऱ्याचा दशकाला सुमारे दहा टक्के, कसून सराव चालू ठेवणाऱ्याचा त्याच्या निम्म्याने. स्नायूंमधले झटक्याने आकुंचन पावणारे तंतू आधी रोडावतात, म्हणून उसळी जाते. वरच्या त्या वीस किलोज्यूलच्या शिल्लकीत या तंतूंचाही वाटा असावा. म्हाताऱ्या सायकलस्वाराला पहिल्यांदा काय सोडून जातं, तर शेवटच्या तीनशे मीटरांतला झटका.

जे राहतं ते मात्र नजरेआड राहून काम करतं. संथ तंतूंभोवतीचं केशवाहिन्यांचं जाळं, पेशींतले ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया, चरबी जाळून ग्लायकोजेन (स्नायूंत साठवलेली साखर) वाचवण्याची सवय, हे सगळं वर्षानुवर्षांच्या सरावाने साचत जातं आणि सराव सुटला नाही तर चाळिशीच्या आसपासही बऱ्यापैकी टिकतं. कमाल ऑक्सिजनचा आकडा थोडा खाली आला, तरी उंबरठा त्या आकड्याच्या किती टक्क्यांवर आहे ते महत्त्वाचं. निष्णात स्वाराचा तो ८० ते ९० टक्क्यांवर असतो.

अलीकडे शास्त्रज्ञ आणखी एका गोष्टीकडे बघू लागले आहेत, तिला टिकाऊपणा म्हणू. ताज्या पायांनी पाच मिनिटं किती वॅट काढता, यात वरच्या आणि मधल्या फळीतल्या स्वारांमध्ये फारसा फरक दिसत नाही. चार तास चालवून, दोन-तीन हजार किलोज्यूल खर्ची घातल्यावर तीच चाचणी घ्या, की फरक उघडा पडतो. तेवीस वर्षांखालचे होतकरू आणि अनुभवी व्यावसायिक यांच्यातली दरीही इथेच रुंद झालेली आढळली आहे. तीन आठवडे, एकवीस टप्पे, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर अशी शर्यत म्हणजे या टिकाऊपणाची परीक्षा. पहिल्या आठवड्यात उसळी मारणारे तिसऱ्या आठवड्यात खाली बसतात. आणि काही जुने गडी काही न करताच वर सरकलेले दिसतात, म्हणजे पहिल्यापासून जिथे होते तिथेच असतात.

तरीही टूर तरुणांकडे गेली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१९ मध्ये थॉमस दुसरा आला तो त्याच्याच संघातल्या बावीस वर्षांच्या एगन बर्नालच्या मागे. पुढच्या वर्षी तादेई पोगाचार जिंकला तेव्हा त्याच्या बाविसाव्या वाढदिवसाला एक दिवस बाकी होता. टूरचा सर्वांत वयस्क विजेता कोण, तर १९२२ चा फिर्मां लांबो, वय ३६. शंभर वर्षं झाली तरी त्या नोंदीला धक्का लागलेला नाही. मला यामागे शरीरापेक्षा माहितीचा वाटा जास्त वाटतो. कुठल्या घाटात किती जोर लावायचा, किती खायचं, कधी थांबायचं हे पूर्वी दहा वर्षं मार खाऊन कळायचं. आता वॅट मोजणारा पॉवर मीटर हँडलवरच्या पडद्यावर सांगतो, आणि तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पोटात ढकलायची हे एकोणीस वर्षांच्या पोरालाही पाठ असतं. म्हाताऱ्याच्या डोक्यातला ठेवा यंत्रात गेला.

सगळा नाही गेला. वारा बाजूने वळला की कुठल्या कडेला सरकायचं, शंभर-दीडशे जणांचा जथा पुढच्या वळणावर कसा दाटणार, शेजारचा माणूस नाटक करतोय की खरंच संपलाय, हे अजून मीटरवर दिसत नाही. म्हणून प्रत्येक मोठा संघ आठातली एक जागा अशा एखाद्या जुन्या खोडासाठी ठेवतो. २०२४ आणि २०२५ च्या टूरमध्ये थॉमस याच कामाला होता.

पण त्याआधी २०२३ ची जिरो, टूरसारखीच इटलीतली तीन आठवड्यांची शर्यत. थॉमस सदतीस वर्षांचा आणि संघाचा कप्तान. या शर्यतीचा सर्वांत वयस्क विजेता होता १९५५ चा फिओरेंझो माग्नी, चौतीस वर्षांचा. एकोणीस टप्पे संपले तेव्हा आघाडीवरच्याची गुलाबी जर्सी थॉमसच्या अंगावर होती आणि स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच २६ सेकंद मागे होता. विसावा टप्पा १८.६ किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावायची शर्यत. सुरुवात बऱ्यापैकी सोपी, मग मोंते लुसारीचा घाट, सरासरी बारा टक्क्यांच्या आसपास. इथे कुणी गडी नाही, आडोसा नाही, रांग नाही. प्रत्येकाने आपलं आपण चढायचं. मध्येच रोग्लिचची साखळी उतरली, त्याला थांबून ती चढवावी लागली. तरीही त्याने थॉमसपेक्षा ४० सेकंद कमी घेतले.

वीस दिवसांचा, ऐंशीहून जास्त तासांचा हिशोब १४ सेकंदांवर तुटला. अंतरात मोजलं तर दर किलोमीटरमागे पाच सेंटीमीटरही नाहीत, पेडलच्या रुंदीएवढंही अंतर नाही. दोन दिवसांपूर्वी वाढदिवस झालेल्या माणसाने हे वयावर ढकललं असतं तरी चाललं असतं. पण तो घाट छोटा आणि उभा होता, तिथे लागते ती नेमकी शेवटची शिल्लक. आधीचे एकोणीस दिवस वयाला तो पुरून उरला होता.

दुसऱ्या दिवशी रोमला शेवटचा टप्पा. हा फक्त शेवटच्या धावेसाठी ताकद राखून ठेवणाऱ्यांचा, एकूण क्रमवारी जवळजवळ ठरलेली. थॉमसचा पोरवयापासूनचा दोस्त मार्क कॅव्हेंडिश त्यात होता, वय ३८, अस्ताना नावाच्या दुसऱ्याच संघात. शर्यत चालू असतानाच त्याने निवृत्ती जाहीर केली होती (पुढे ती लांबवली, ते वेगळं). शेवटच्या किलोमीटरांत त्याच्यापुढे हवा खायला आपली माणसं फारशी उरली नव्हती. तेवढ्यात रांगेच्या तोंडाशी एक उंच, सडपातळ स्वार आला आणि वाकून जोर लावू लागला. आदल्या दिवशी जिरो हरलेला थॉमस. त्याच्या संघाला यातून काहीही मिळणार नव्हतं. थोडं अंतर ओढून तो बाजूला झाला, कॅव्हेंडिश उसळला आणि बऱ्याच अंतराने जिंकला.

थॉमस मागून, जथ्याबरोबर, सावकाश रेषा ओलांडून आला. त्याला आणि रोग्लिचला एकच वेळ मिळाली. यादीतले १४ सेकंद होते तसेच राहिले.