पोर्तुगाल आणि स्पेन: एका राजाखालची साठ वर्षं आणि पणजीतला एक रस्ता

पणजीत फोंतेन्हासमध्ये ३१ जानेवारी नावाचा रस्ता आहे. टूरिस्टांना तिथून फिरवणारे गाइड हमखास सांगतात की याच तारखेला १६४० साली पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला, म्हणून हे नाव. इंटरनेटवरही हेच सापडतं. पण ते चूक आहे, आणि इतक्या वेळा ऐकलंय की एकदा नीट लिहावंसं वाटलं. पोर्तुगाल सुटला तो १ डिसेंबर १६४० ला. ३१ जानेवारी ही तारीख १८९१ची आहे, त्या दिवशी पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध पहिलं बंड झालं, ते लगेच मोडलं गेलं, पण १९१० ला राजा गेला आणि प्रजासत्ताक आलं तेव्हा त्या बंडाची आठवण म्हणून ही तारीख रस्त्यांना दिली गेली, खुद्द पोर्तोतही या नावाचा रस्ता आहे. म्हणजे त्या नावाचा स्पेनशी काही संबंधच नाही.

स्पेनची खरी खूण बघायची तर जुन्या गोव्यात जायचं, दिवाडीच्या फेरीधक्क्यावरून वर येताना जी व्हाइसरॉयची कमान लागते तिच्याखाली. कमान १५९९च्या सुमाराची, म्हणजे लिस्बनवर स्पेनचा राजा होता त्या काळातली (आज उभी आहे ती १९५४ साली पुन्हा बांधलेली). आत भिंतीत एक लेख कोरलेला दगड आहे, १६५६चा, ज्या राजाच्या वेळी पोर्तुगाल स्पेनपासून मोकळा झाला त्याच्या स्मरणार्थ बसवलेला. फेरीतून उतरलेल्या स्कूटर त्याच्या बाजूने धडाधड जातात, कुणी थांबत नाही. एकाच कमानीत दोन्ही काळ आहेत, स्पेनच्या राजाचाही आणि तो गेल्याचाही.

आता मूळ गुंता. १५८० ते १६४० ही साठ वर्षं पोर्तुगाल स्पेनमध्ये "विलीन" झाला होता का? आम्हा गोव्यातल्या मराठी माणसांना विलीनीकरण हा शब्द नुसता शब्द म्हणून वाचताच येत नाही. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा (फूल) की वेगळा ठेवायचा (दोन पानं), आमच्या घरात फूल होतं आणि शेजारी दोन पानं, १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१, हे आकडे घरात पाठ होते. त्यामुळे मोठा शेजारी लहान शेजाऱ्याला घेतो म्हटलं की आपण लगेच आपलंच काहीतरी त्यात बघतो. पण तिथे झालं ते वेगळं होतं.

१५७८ ला पोर्तुगालचा तरुण राजा मोरोक्कोत लढाईत पडला, मूलबाळ नाही, मग त्याचा म्हातारा नातलग गादीवर बसला, तो धर्मगुरू, तोही १५८० च्या सुरुवातीला गेला. स्पेनच्या राजाची आई पोर्तुगीज राजकन्या, त्यामुळे त्याचा हक्क कागदावर खोटा नव्हता, पण तो नुसता कागद घेऊन आला नाही, फौज पाठवून लिस्बन घेतलं. आणि पुढच्याच वर्षी, १५८१ ला, तोमार गावी प्रतिनिधींसमोर वचन दिलं की पोर्तुगालचे कायदे, नाणं, भाषा वेगळी राहील आणि समुद्रापलीकडच्या मुलुखातली पदं पोर्तुगीजांनाच मिळतील. गोव्यात म्हणूनच त्या साठ वर्षांत स्पॅनिश कारभार दिसला नाही, व्हाइसरॉय पोर्तुगीजच, कागद पोर्तुगीजमध्येच. म्हणजे राजा एक आणि मुकुट दोन. याला विलीनीकरण म्हणणं मला पटत नाही. पण पारतंत्र्य म्हणणारे पोर्तुगीज अगदीच चुकीचं बोलतात असंही नाही, कारण राजा माद्रिदला बसायचा, पोर्तुगालला येणं जवळजवळ नाहीच, आणि नंतरच्या राजांनी पहिल्याचं वचन पातळ करत नेलं, वर स्पेनच्या युद्धांसाठी कर आणि माणसं मागायला लागले.

आणि गोव्याच्या बाजूने बघितलं तर सगळ्यात मोठा फटका वेगळाच होता. स्पेनचे शत्रू ते आपोआप पोर्तुगालचे शत्रू झाले. डचांचं भांडण स्पेनच्या राजाशी, पण मार पडला पूर्वेतल्या पोर्तुगीज बंदरांना. १६२२ ला इंग्रजांच्या मदतीने इराणच्या शहाने होर्मुझ घेतलं, १६३० च्या दशकाच्या शेवटी डच जहाजं मांडवीच्या तोंडाशी ठाण मांडून बसायला लागली, १६४१ ला मलाक्का गेलं. जुन्या गोव्याची उतरती कळा यातूनही आली, नुसती रोगराईने नाही.

शेवटी १६४० ला स्पेनमधलाच कातालोनिया प्रांत पेटला, स्पेनची फौज तिकडे गुंतली, आणि १ डिसेंबरला लिस्बनच्या सरदारांनी वाड्यात घुसून आपला राजा जाहीर केला. स्पेनने ते मान्य केलं तब्बल १६६८ ला. एक गाव मात्र परत आलं नाही, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं सेउता, ते स्पेनकडेच राहिलं, आणि त्याच्या झेंड्यावर आजही पोर्तुगालची ढाल आहे. १ डिसेंबरची सुट्टी पोर्तुगालने खर्चकपातीच्या वर्षांत २०१३ ला बंद केली होती, लोकांना ते लागलं, २०१६ ला परत आणली.

१५८० च्या आधीचं थोडक्यात. दोघांची सीमा १२९७ च्या तहापासून जवळपास तशीच आहे, युरोपातल्या सगळ्यात जुन्या सीमांपैकी एक. १३८५ ला पोर्तुगालने कास्तीलला, म्हणजे पुढे ज्यातून स्पेन झाला त्या राज्याला, हरवलं. तिकडे म्हणच आहे की स्पेनहून ना वारा चांगला येतो ना सोयरीक. १४९४ ला तर दोघांनी तह करून नवं जगच आपसात वाटून घेतलं.

भाषा म्हणाल तर बहिणी आहेत, पण कोण घरात आलं होतं ते शब्दांवरून कळतं. आपण चावी म्हणतो ती पोर्तुगीज शाव्ह, स्पॅनिशमध्ये तीच ल्यावे होते. आमच्याकडचं जनेल, म्हणजे खिडकी, ते पोर्तुगीज जनेला, स्पॅनिशमध्ये वेंताना. आमच्या वाड्यावर लिसेवमध्ये (पोर्तुगीज माध्यमिक शाळेत) शिकलेले एक आजोबा होते, ते टीव्हीवर स्पॅनिश लागलं की म्हणायचे, सगळं समजतं बाबा, पण बोलायला गेलो की तोंडातून पाखल्यांचीच (पोर्तुगिजांचीच) भाषा येते. उलट स्पॅनिश माणसाला पोर्तुगीज समजायला जड जातं, कारण पोर्तुगीज लोक स्वर गिळतात.

पण आजचा फरक समजून घ्यायला विसावं शतक बघायला पाहिजे. दोन्हीकडे हुकूमशहा, दोघांची मैत्री, १९३९ ला करारही. स्पेनचं साम्राज्य मात्र १८९८ लाच संपलं होतं, क्युबा गेलं, फिलिपिन्स गेलं, आफ्रिकेतले थोडे तुकडे राहिले. पोर्तुगाल चिकटून बसला. गोवा, दमण, दीव हे वसाहती नाहीत, पोर्तुगालचे प्रांत आहेत, असं १९५१ ला कायद्यातच घालून ठेवलं, आणि त्याच हट्टापायी आम्हाला १९ डिसेंबर १९६१ पर्यंत थांबावं लागलं. पुढे आफ्रिकेत तेरा वर्षं लढून दमलेल्या सैन्यातल्याच अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ ला सरकार उलथलं. वसाहतींच्या लढाईने लोकशाही आणली, हे स्पेनमध्ये घडलंच नाही, तिथला हुकूमशहा नोव्हेंबर १९७५ ला हॉस्पिटलमध्ये मेला, राजा परत आला, १९७८ ला वाटाघाटीतून राज्यघटना झाली. आज पोर्तुगालमध्ये राष्ट्राध्यक्ष आहे आणि स्पेनमध्ये राजा, पोर्तुगाल भाषेने जवळपास एकसंध आहे आणि स्पेनमध्ये कातालान, बास्क, गालिसियन यांची भांडणं चालूच आहेत.

१ जानेवारी १९८६ ला दोघे एकाच दिवशी युरोपच्या आर्थिक गटात गेले. पुढे सीमेवरचे नाके ओस पडले. घड्याळ तेवढं वेगळं राहिलं, स्पेनने १९४० ला जर्मनीची वेळ घेतली ती ठेवली, पोर्तुगालने १९९२ ला तीच घेऊन बघितली, थंडीत पोरं काळोखात शाळेला जायला लागली, १९९६ ला परत मागे फिरले.

आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारला जातो तो प्रश्न पासपोर्टचा. स्पेन बहुतेक जुन्या वसाहतींच्या लोकांना, अगदी फिलिपिन्सच्याही, दोन वर्षं कायदेशीर राहिल्यावर नागरिकत्व मागू देतो, एरवी दहा वर्षं लागतात. पोर्तुगालचं गणित वेगळं, १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस त्यांच्या लेखी जन्माने पोर्तुगीज, त्याचा जन्म लिस्बनला नोंदवला की मुलाबाळांचाही रस्ता उघडतो, तिथे राहायची अट नाही. म्हणून जुने जन्मदाखले शोधायला अजून लोक येतात, कागदाला वाळवी लागलेली, नावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे तिकडचा पासपोर्ट हातात आला की इकडचा जमा करावा लागतो.