श्रवणदोष असलेले मूल परदेशातून दत्तक घेताना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडतो त्या जागा

परदेशात जाऊन श्रवणदोष असलेले मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाचा अर्ज परत येतो, तेव्हा ते पालक अपात्र होते असे सहसा नसते. पालकांना मिळालेल्या मंजुरीत एक लिहिलेले असते, मुलाच्या वैद्यकीय अहवालात दुसरेच असते, आणि ही तफावत कोणत्या तरी कार्यालयात फार उशिरा लक्षात येते. प्रवासाआधी ती दूर करता येते. परक्या देशात जाऊन मुलाला भेटल्यानंतर मात्र तिच्यापायी मुलाचे आणि पालकांचे दोघांचेही हाल होतात. म्हणून पुढे नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात सांगून अडणाऱ्या जागांविषयी सविस्तर लिहिले आहे.

आंतरदेशीय दत्तकाचा पाया म्हणजे २९ मे १९९३ चा हेग करार. तो १ मे १९९५ पासून अमलात आला आणि आज शंभरहून अधिक देश त्याचे सदस्य आहेत. प्रत्येक सदस्य देशात या कामासाठी एक केंद्रीय प्राधिकरण असते. अर्ज कोठे करायचा, इथेच पहिली गफलत होते. करारानुसार तो पालकांचे नागरिकत्व ज्या देशाचे आहे तेथे नव्हे, तर ते नेहमी वास्तव्य करतात त्या देशाच्या प्राधिकरणाकडे करावा लागतो. पासपोर्ट एका देशाचा आणि घर दुसऱ्या देशात असलेल्या जोडप्यांनी आपले नेहमीचे वास्तव्य कोणते मानले जाईल, हे आरंभीच लेखी विचारून घ्यावे. त्यानंतरचा क्रम ठरलेला आहे: गृह अध्ययन अहवाल (समाजकार्यकर्त्याने पालकांविषयी लिहिलेला अहवाल), पात्रतेची मंजुरी, मुलाच्या देशाकडे फाइल, मूल सुचवले जाणे, दोन्ही देशांची संमती, प्रवास, दत्तकादेश आणि मुलाचा प्रवेश परवाना.

ज्या देशातून मूल घ्यायचे आहे तो देश परदेशी पालकांना मूल देतो का, याची खात्री त्या देशाच्या प्राधिकरणाकडूनच करावी. जुनी माहितीपत्रके विश्वसनीय नसतात. इथिओपियाने २०१८ च्या जानेवारीत परदेशी दत्तकावर बंदी घातली. चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये, रक्ताच्या नात्यातील आणि सावत्र मुलांचे अपवाद वगळता, हा मार्ग बंद केल्याचे जाहीर केले आणि मूल निश्चित झालेल्या कुटुंबांचीही प्रक्रिया तिथेच थांबली.

पात्रतेच्या बाबतीत दोन्ही देशांच्या अटी एकाच वेळी लागू होतात. वय, विवाहाचा कालावधी, आधीची मुले, एकल पालकत्व यांपैकी ज्या मुद्द्यावर जो देश अधिक कडक असेल, त्याचीच अट अखेर निर्णायक ठरते. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी काही देश वयाच्या किंवा आधीच्या अपत्यांच्या अटी शिथिल करतात, परंतु ही सवलत आपोआप मिळेल असे गृहीत धरू नये. पालक स्वतः कर्णबधिर असतील तर त्यांना अनेकदा अनावश्यक शंकांना तोंड द्यावे लागते आणि ही अतिशय खेदाची गोष्ट आहे, कारण अशा मुलाला भाषा देण्याची तयारी ज्यांच्या घरात आधीपासून आहे असे हेच पालक असतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील २३ वे कलम दत्तकाच्या संदर्भात त्यांचे हक्क मान्य करते आणि पालकत्वाच्या जबाबदाऱ्या पार पाडण्यासाठी योग्य साहाय्य देण्याचे बंधन देशांवर घालते. मुलाखतीसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असल्याची मागणी अर्जासोबतच लेखी नोंदवावी आणि घरातील नातेवाइकाला दुभाषी म्हणून बसवू नये.

गृह अध्ययन अहवालात पालकांची ओळख, आरोग्य, कौटुंबिक पार्श्वभूमी आणि दत्तक घेण्यामागील कारणे यांबरोबरच, कोणत्या प्रकारच्या मुलाची काळजी घेण्यास ते समर्थ आहेत, हेही आले पाहिजे असे हेग कराराचे १५ वे कलम सांगते. कित्येक फायली या एका ओळीवर अडतात. ‘निरोगी किंवा किरकोळ, सुधारता येण्याजोगा दोष असलेले मूल’ अशी मोघम मंजुरी घेतलेल्या पालकांना तीव्र श्रवणदोष असलेले मूल सुचवले गेले, तर मंजुरीत दुरुस्ती करून घ्यावी लागते, आणि तोवर इतर कागदांची मुदत संपत येते. अहवाल लिहिणाऱ्या समाजकार्यकर्त्यास आरंभीच सांगावे, की त्यात एका अथवा दोन्ही कानांचा, अतितीव्रपर्यंतचा श्रवणदोष आणि त्यामुळे झालेला भाषाविकासातील विलंब स्पष्ट शब्दांत नमूद असावा. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवायचे श्रवणसाधन), वाचाउपचार, सांकेतिक भाषेचे शिक्षण आणि शाळा यांची काय तयारी आहे, विम्यातून काय मिळेल आणि खर्च कसा भागेल, हेही त्यात असावे. ‘आम्ही सर्व काही करू’ हे वाक्य मनापासून लिहिलेले असले तरी मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचा उपयोग नसतो.

जो कागद सहसा कोणाकडेच नसतो तो म्हणजे मुलाचा परिपूर्ण श्रवणचाचणी अहवाल. हेग कराराच्या १६ व्या कलमानुसार मुलाचा वैद्यकीय इतिहास आणि विशेष गरजा यांचा अहवाल देणे हे मुलाच्या देशाचे काम आहे, पण प्रत्यक्षात हाती येते ते ‘दोन्ही कानांनी ऐकू येत नाही’ एवढेच. यावरून दोष किती आहे, कानाच्या कोणत्या भागात आहे आणि तो वाढतो आहे का, यांपैकी काहीही कळत नाही. लहान मुलासाठी बेरा चाचणीचा, म्हणजे आवाजाला श्रवणचेता आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल मागावा आणि त्यात प्रत्येक कानाचे, वेगवेगळ्या वारंवारितांवरील डेसिबलचे आकडे आणि मूळ आलेख असावेत असा आग्रह धरावा. केवळ ओएई चाचणीवर, म्हणजे आतल्या कानाचाच प्रतिसाद मोजणाऱ्या चाचणीवर, विसंबू नये. श्रवण चेतातंतूच्या विशिष्ट विकारात ओएई व्यवस्थित येते आणि बेरामध्ये मात्र प्रतिसाद दिसत नाही. मधल्या कानात पाणी साचल्यामुळे तात्पुरता बहिरेपणाही येत असल्याने टिंपॅनोमेट्री, म्हणजे मधल्या कानाची तपासणीही हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत ६५ ते ८० डेसिबलच्या आतील दोष तीव्र आणि ८० ते ९५ च्या आतील दोष अतितीव्र मानला जातो, परंतु सगळीकडे हेच वर्गीकरण वापरतात असे नाही. म्हणून शब्दांवर न जाता आकडे मागावेत.

कारणही विचारावे, कारण त्यावर पुढची घाई अवलंबून असते. मेनिंजायटिसनंतर (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गानंतर) बहिरेपण आले असेल तर आतल्या कानात हाड धरण्याचा धोका असतो आणि इम्प्लांट बसवण्याची संधी हातची जाऊ शकते. अशा वेळी तज्ज्ञाच्या पत्रासह प्रक्रिया जलद करण्याची विनंती जरूर करावी. आनुवंशिक बहिरेपणाच्या काही प्रकारांत पुढे दृष्टी अधू होते, तर काहींत हृदयाच्या ठोक्यांचा गंभीर विकार असतो, म्हणून डोळ्यांची तपासणी आणि ईसीजी यांचीही मागणी करावी. यामागचा हेतू मूल नाकारण्याचा नसून, मंजुरी आणि मुलाच्या गरजा एकमेकींशी जुळाव्यात आणि मूल घरी आल्यावर उपचारांना वेळ लागू नये एवढाच आहे.

मुलाच्या अहवालात आणखी एक शेरा वारंवार आढळतो, तो म्हणजे ‘मतिमंद’ किंवा ‘बौद्धिक विकासात मागे’. ज्या मुलाला ना बोललेले ऐकू आले, ना कोणी खुणांची भाषा शिकवली, त्याची बुद्धी बोललेल्या प्रश्नांवरून मोजणे हा त्या मुलावर उघड अन्याय आहे. तरीही तो शेरा कागदावर असेल तर व्हिसा अधिकारी तो वाचणारच. शब्दांवर न बेतलेली बुद्धिचाचणी झाली होती का, हे विचारावे. झाली नसल्यास ती करून घेण्याची विनंती मुलाच्या देशातील प्राधिकरणामार्फत करावी आणि सुचवलेल्या मुलाबाबत निर्णय कळवण्याची मुदत वाढवून मागावी. ही मुदत प्रत्येक देशात वेगळी आणि बहुधा अपुरी असते, त्यामुळे अहवाल वाचून मत देणारे कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आधीच ठरवून ठेवावेत.

मोठ्या मुलाच्या बाबतीत त्याची स्वतःची संमती अथवा इच्छा विचारात घेणे हेग कराराच्या चौथ्या कलमानुसार आवश्यक असते. कर्णबधिर मुलाची अशी संमती त्याला समजणाऱ्या भाषेत, पात्र दुभाष्यामार्फत घेतली गेली होती का, हे फाइलमध्ये नोंदलेले असावे. ज्या मुलाकडे कोणतीच पूर्ण भाषा नाही त्याला केवळ मान हलवायला लावून सही घेणे ही संमती नव्हे, आणि पुढे दत्तकादेशावर आक्षेप आला तर नेमके हेच बाहेर येते. देशागणिक सांकेतिक भाषा वेगळी असते, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे. अमेरिका आणि ब्रिटन यांची बोलभाषा एक असूनही त्यांच्या सांकेतिक भाषा भिन्न आहेत.

कागदपत्रांची मुदत नेमकी कोणत्या तारखेपासून मोजतात, यावरून फार गोंधळ होतो. पोलीस चारित्र्य प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखले आणि उत्पन्नाचे पुरावे यांची मुदत साधारणपणे कागदावरील मूळ तारखेपासून धरली जाते, अपोस्टिलच्या, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर मिळणाऱ्या सरकारी प्रमाणनाच्या, तारखेपासून नाही. १९६१ च्या करारानुसार मिळणारे अपोस्टिल केवळ सही, सहीकर्त्याचा हुद्दा आणि शिक्का यांची खात्री देते. मजकूर खरा आहे किंवा कागद अजून चालतो, असे ते सांगत नाही. शिवाय मुदत फाइल पाठवण्याच्या दिवशी शिल्लक असून भागत नाही, ती दत्तकादेशापर्यंत शिल्लक असावी अशी काही देशांची अट असते. सर्वात लवकर संपणारा कागद सर्वात शेवटी काढावा. प्रमाणित भाषांतराचा खर्च, वेगळे ठरवलेले नसल्यास, पालकांकडेच असतो.

सर्वात कळकळीची सूचना प्रवासाविषयी आहे. हेग कराराच्या १७ व्या कलमानुसार पालक पात्र असल्याचे आणि मुलाला कायमस्वरूपी प्रवेश मिळेल असे ठरून, दोन्ही देशांच्या प्राधिकरणांची पुढे जाण्यास संमती मिळेपर्यंत मूल पालकांच्या स्वाधीन करता येत नाही. मूल जिथे राहते त्या संस्थेतून ‘या, बाकीचे इथे पाहू’ असा निरोप आला तरी या लेखी संमतीची प्रत हाती आल्याशिवाय निघू नये. त्याआधी आपणहून संस्थेत जाऊन मुलाला भेटण्याचा मोहही टाळावा, कारण २९ वे कलम आवश्यक टप्पे पूर्ण होण्यापूर्वी मुलाचे पालक किंवा सांभाळ करणारे यांच्याशी संपर्क ठेवण्यास, काही अपवाद सोडून, मनाई करते. प्रत्यक्ष खर्च आणि वाजवी शुल्क यांपलीकडे कोणी ‘मुलाच्या श्रवणयंत्रासाठी’ रोख रक्कम मागितली, तर ती न देता प्राधिकरणाला कळवावे.

दत्तकादेश झाला की हेग कराराच्या २३ व्या कलमाखालील प्रमाणपत्र घेतल्याखेरीज परत निघू नये, कारण इतर सदस्य देशांत दत्तक मान्य होण्याचा आधार तेच आहे. दोन्ही देशांनी संमती केव्हा आणि कोणी दिली, हे त्यात लिहिलेले आहे का ते तेथेच तपासावे. मुलाचे श्रवणचाचणीचे मूळ आलेख, श्रवणयंत्राची माहिती आणि इम्प्लांट झालेले असल्यास त्याचे ओळखपत्र संस्थेकडून मागून घ्यावे. मुलाकडचे यंत्र संस्थेच्या मालकीचे असेल तर ते नेण्याची परवानगी लेखी घ्यावी, नाहीतर नवे यंत्र मिळेपर्यंत मुलाला ऐकण्याच्या साधनाशिवाय राहावे लागते. घरी आल्यावरचे पाठपुरावा अहवाल किती आणि केव्हा पाठवायचे, ते मुलाच्या देशाने ठरवलेले असते. त्या प्रत्येक अहवालात श्रवणचाचणीचे नवे आकडे, उपचार आणि शाळेची नोंद जोडावी.