झोपलेला लॅपटॉप आणि घड्याळात ठेवलेली चिठ्ठी

"अरे, झाकण लावलं म्हणजे बंदच झाला ना तो?"

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या काकूंचा हा प्रश्न. त्यांच्या मुलाने पुण्याला जाताना आपला जुना लॅपटॉप आईला दिला, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम मी घालून दिली. काकू त्यावर भिशीचे हिशेब लिहितात, गणपतीतल्या कार्यक्रमांची यादी करतात आणि रोज सकाळी पंचांग उघडून तिथी बघतात. काम झालं की झाकण लावून कपाटावर. संध्याकाळी झाकण उघडावं तर आत पंखा फिरतोय, पडदा मात्र काळा ठार. कॅप्स लॉक दाबलं तर त्याचा दिवासुद्धा लागत नाही. जेल रोडवरच्या एका दुकानात दाखवला, तर दोन मिनिटांत निकाल मिळाला: "भिया, मदरबोर्ड गया." शेजारच्या भाऊंचा निकाल वेगळा होता. वस्तू पितृपक्षात घरात आली, आता लिंबू-मिरची तरी बांधा.

मदरबोर्ड शाबूत होता. लॅपटॉप दिवसभर उत्तम चालायचा. अडचण एकच होती, झोपला की उठायचा नाही.

झाकण लावल्यावर लॅपटॉप बंद होत नाही, झोपतो. पडदा, डिस्क, वायफाय, प्रोसेसर या सगळ्यांची वीज तोडली जाते, पण मेमरी जागी राहते. तिचं जागं राहणंही मजेशीर आहे. मेमरीतला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार, आणि हा भार सतत गळत असतो. साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो वाचून पुन्हा भरावा लागतो. एरवी हे काम प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर करून घेतो, पण तो झोपणार म्हटल्यावर मेमरीच्या चिपा स्वतःच स्वतःला भरत बसतात. म्हणूनच सकाळी अर्धवट सोडलेला भिशीचा हिशेब संध्याकाळी तसाच्या तसा समोर येतो. यायला हवा, निदान.

झोपायचीही एक रीत आहे. आधी डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून होतं. मग चालू असलेले सगळे प्रोग्रॅम जागच्या जागी गोठवले जातात. त्याला २० सेकंदांची मुदत असते, तेवढ्यात कोणी गोठला नाही तर झोपेचा बेतच रद्द. त्यानंतर उपकरणांची पाळी. ही उपकरणं कुटुंबासारखी एकावर एक अवलंबून असतात. माउस यूएसबी हबवर, हब यूएसबी कंट्रोलरवर, कंट्रोलर पीसीआय बसवर. घरात आधी मुलं झोपतात आणि आई गॅस बघून, कडी लावून शेवटी आडवी होते, तसं इथेही आधी माउस, मग हब, मग कंट्रोलर. सकाळी उलट. आई आधी उठते, मग मुलांना उठवते. हा क्रम चुकला, हब झोपल्यावर माउस काही मागायला लागला, की गोंधळ झालाच म्हणून समजा. आणि हे एका दमात होत नाही, कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य कारभारी प्रोग्रॅम, सगळ्या उपकरणांवरून चार फेऱ्या मारतो: तयारी, झोप, उशिराची झोप, आणि इंटरप्ट, म्हणजे उपकरणांनी प्रोसेसरला मारलेल्या हाका, बंद केल्यानंतरची अगदी शेवटची झोप. मग एक सोडून बाकीचे प्रोसेसर बंद होतात आणि उरलेला एकटा सूत्रं बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या, हाती देऊन डोळे मिटतो.

या झोपांचे प्रकार ठरवणारं मानक, एसीपीआय, १९९६ सालचं. त्यात आपल्या या झोपेचं नाव एस-३. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपांत एस-३ नसतेच, त्याऐवजी मोबाइलसारखी अर्धवट डुलकी असते. पुण्याच्या रात्रीच्या बसमध्ये बॅगेतला लॅपटॉप भाकरीसारखा तापून निघतो, त्यामागे बहुधा ही डुलकी असते. तो वेगळा विषय आहे. काकूंचा लॅपटॉप जुना, त्याला खरीखुरी झोप लागायची.

आता तपास कसा करायचा? इतर बिघाडांत यंत्र काहीतरी बोलतं, पडद्यावर तक्रार लिहितं, डिस्कवर नोंद ठेवतं. इथे पडदाही झोपलेला आणि डिस्कही. मधल्याच कुठल्या तरी उपकरणाने उठायला नकार दिला आणि त्याच्यापाशी सगळं अडून राहिलं, तर ते सांगायला जागं कोण आहे? घरात चोरी झाली आणि साक्षीदार सगळे घोरत पडलेले, अशातली गत.

लिनक्समध्ये यासाठी रंगीत तालमीची सोय आहे. पीएम टेस्ट नावाच्या एका फाइलीत आपण लिहायचं, कुठपर्यंत झोपायचं ते: नुसते प्रोग्रॅम गोठवून थांब, उपकरणं झोपवून थांब, बायोसची तयारी करून थांब, प्रोसेसर बंद करून थांब, किंवा अगदी गाभ्यापर्यंत जा. यंत्र तिथवर जातं, पाच सेकंद थांबतं आणि आल्या वाटेने परततं. ज्या पायरीवर ते परतलं नाही तिथे चोर.

मी पाचही तालमी घेतल्या. पाचही निर्विघ्न पार पडल्या. आणि खऱ्या प्रयोगाला पुन्हा काळा पडदा!

आधी वैताग आला, मग लक्षात आलं. तालमीत वीज खरोखर तोडलेली नसते. उपकरणाला "झोप" म्हणतात, ते डोळे मिटून पडतं, पाच सेकंदांनी उठतं. खऱ्या झोपेत त्याची वीज जाते, त्याच्या आतल्या रजिस्टरांत लिहिलेलं सगळं पुसलं जातं आणि जागं होताना ड्रायव्हरला, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, त्याला पहिल्यापासून शिकवावं लागतं. कुठल्या तरी ड्रायव्हरला ते जमत नव्हतं. पण कुठल्या?

ज्या युक्तीसाठी मी हा लेख लिहायला बसलो ती इथून सुरू होते.

साक्षीदार हवा, तर तो असा हवा की जो झोपत नाही आणि बटण दाबून धरून यंत्र पुरतं मारलं तरी जो विसरत नाही. मेमरी बाद, पुन्हा सुरू होताना तिच्यावर काहीही लिहिलं जातं. पण मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो, २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा. त्याच्यावर एक घड्याळ चालतं, सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकाच्या तालावर. लॅपटॉप बंद असो, झोपलेला असो, बॅटरी काढलेली असो, ते चालूच. या घड्याळाच्या चिपेत थोडी मोकळी मेमरीही असते, ११४ बाइट. मग तिथेच का लिहू नये? कारण सुरू होताना बायोस तिथे हात घालतो, लिहिलेलं टिकेलच असं नाही. बायोस ज्याला हात लावत नाही अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे खुद्द तारीख आणि वेळ.

मग तारखेतच चिठ्ठी लिहायची! हा उद्योग २००६ साली स्वतः लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी केला. त्या प्रोग्रॅमच्या फाइलीतल्या टिप्पणीची सुरुवातच 'भयंकर' अशा अर्थाचा शब्द तीनदा लिहून होते, इतका त्यांना तो स्वतःलाच ओंगळ वाटला. मला मात्र तो देखणा वाटतो.

तारखेत किती मजकूर मावतो ते बघा. वर्षाचे शेवटचे दोन आकडे: १०० शक्यता. महिने १२. दिवस २८, ३१ नाही, कारण फेब्रुवारीतही चालेल असाच दिवस हवा. तास २४. मिनिटं मात्र साठ घेत नाहीत, तीन-तीनच्या टप्प्याने २० घेतात. सेकंद सोडूनच दिलेत, ते पुढे सरकत राहतात. गुणाकार करा: १,६१,२८,०००. कॉम्प्युटरच्या हिशेबात चोवीस बिटांनाही जरा कमीच. एवढ्याशा जागेत "मी अमुक उपकरणाला उठवतोय आणि कर्नलच्या अमुक फाइलीतल्या अमुक ओळीवर आहे" हे बसवायचं. नावं मावणार नाहीत, म्हणून नावांचे आकडे करायचे. उपकरणाच्या नावाचा एक आकडा, ० ते १००८. फाइल आणि ओळीचा एक, ० ते ९९६. शिवाय ० ते १५ मधला एक छोटा आकडा. १००९ आणि ९९७ या मूळ संख्या मुद्दाम घेतल्यात, त्यांनी भागून बाकी काढली की आकडे छान विखुरतात. १६ गुणिले ९९७ गुणिले १००९ म्हणजे १,६०,९५,५६८. मावलं!

ही सोय चालू केली की कर्नल प्रत्येक उपकरणाला हात लावण्याआधी घड्याळात नवी तारीख लिहितो. सगळे उठले तर काही बिघडत नाही, घड्याळ तेवढं चुकतं. एखाद्यापाशी अडकलं तर शेवटची तारीख तशीच राहते.

काकूंचा लॅपटॉप मी झोपवला, उठवला, काळा पडदा आला. बटण दाबून धरून मारला आणि लगेच चालू केला. बायोसमध्ये क्षणभर डोकावलो तर तारीख होती २१-१२-०४, वेळ पहाटेचे ३ वाजून २४ मिनिटं. काकू म्हणाल्या, "हे काय रे भलतंच?" तीच चिठ्ठी होती. वाचायची अशी. (आकड्यांचा कंटाळा असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर खुशाल उडी मारावी.)

वर्ष ४. डिसेंबर म्हणजे ११, कारण मोजणी शून्यापासून; त्याचे ११ × १०० = १,१००. एकविसावा दिवस म्हणजे २०; २० × १,२०० = २४,०००. तीन तास; ३ × ३३,६०० = १,००,८००. २४ मिनिटं म्हणजे तीनाचे आठ टप्पे; ८ × ८,०६,४०० = ६४,५१,२००. बेरीज ६५,७७,१०४. तिला १६ ने भागा: बाकी ०, भागाकार ४,११,०६९. त्याला ९९७ ने भागा: बाकी ३०५, भागाकार ४१२. म्हणजे चिठ्ठीत लिहिलंय ०, ३०५, ४१२. हा सगळा भागाकार सुरू होताना कर्नल स्वतःच करतो आणि नोंदवहीत ते तीन आकडे छापतो. मग समोर असलेल्या एकेका उपकरणाच्या नावाचा आकडा काढून बघतो, कोणाचा ४१२ येतो ते.

यात घाई फार. मिनिटं तीन-तीनच्या टप्प्याने का घेतली ते आता कळेल. घड्याळ तर चालूच आहे, चिठ्ठी लिहिल्यापासून ती वाचेपर्यंत वेळ पुढे सरकणारच. ३:२४, ३:२५, ३:२६ या तिन्हींचा अर्थ एकच, आठवा टप्पा. पण ३:२७ वाजले की नववा. मग बेरीज होते ७३,८३,५०४ आणि उत्तर येतं ०, ८५५, ४६२. उपकरण ४१२ ऐवजी ४६२! चहा प्यायला उठलात तर चौकशी भलत्याच्याच दारात जाऊन उभी. म्हणून यंत्र तीन मिनिटांच्या आत वर आणायचं.

आकडा ४१२ दोन उपकरणांचा निघाला. हजारएक खणांत शेकडो नावं घातली की असं होणारच. एक होतं सिरियल पोर्ट, या लॅपटॉपला बाहेरून त्याचं तोंडही नाही. दुसरा होता मेमरी कार्डाचा रीडर, ती बाजूची फट, जिच्यात काकूंनी आयुष्यात कार्ड घातलेलं नाही. कार्ड रीडरचा ड्रायव्हर उतरवला, झाकण लावलं, पोहे खाल्ले, झाकण उघडलं. भिशीचा हिशेब समोर! पुन्हा चारदा केलं, चारही वेळा उठला. आता झोपण्याआधी तो ड्रायव्हर आपोआप उतरावा एवढी दोन ओळींची व्यवस्था करून दिली आहे.

भाऊंना मी हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पितृपक्षाचा काहीच संबंध नाही?" मी म्हटलं, लिंबू-मिरची बांधून लॅपटॉप उठला असता तर मला आनंदच होता, पण ३०५ आणि ४१२ हे आकडे तिने सांगितले नसते. जेल रोडच्या निकालाबद्दलही माझी तक्रार तीच आहे. 'मदरबोर्ड गया' हे निदान झालं नाही, चाचणी एकही न करता सांगितलेलं भविष्य झालं. मोबाइलवर 'एका टचमध्ये सगळे दोष दुरुस्त' म्हणणारी ॲप्स याच कुळातली.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहिली. शेवटच्या चार झोपांच्या वेळी घड्याळात चिठ्ठी लिहिण्याची सोय मी चालूच ठेवली होती. लॅपटॉप नीट उठला, पण घड्याळात शेवटच्या उपकरणाची तारीख तशीच राहिली. नेट असतं तर वेळ आपोआप दुरुस्त झाली असती, पण काकूंचं नेट दोन दिवस बंद होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घड्याळ बघायला म्हणून गेलो तर काकूंनी समोर साबुदाण्याच्या खिचडीची बशी ठेवली, वरून शेव घातलेली.

"आज एकादशी ना," म्हणाल्या. "सकाळीच पंचांगात बघितलं."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. चतुर्थी होती. खिचडी संपेपर्यंत काही बोललो नाही.