२५२० चा 'चमत्कार' म्हणे!

फॅमिली ग्रुपवर परत आलाच तो मेसेज, की २५२० हा जगातला एकमेव आकडा ज्याला १ ते १० सगळ्यांनी पूर्ण भाग जातो, गणितज्ञ थक्क, शोध रामानुजनचा वगैरे वगैरे. अहो एकमेव कसला, दुप्पट करा, ५०४० लाही जातो, ७५६० लाही, जा कितीही पुढे. २५२० फक्त त्यातला सगळ्यात छोटा, म्हणजे आपला शाळेतला लसावि हो! ८, ९, ५ आणि ७ चा गुणाकार करा, झालं, कारण २ नि ४ हे ८ मध्येच आले, ३ हा ९ मध्ये, ६ आणि १० आपोआप. १ ते २० चा हवाय? २३,२७,९२,५६०. तोही असाच निघतो.

आणि त्याच मेसेजमधलं ते दुसरं गूढ, आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने, उत्तर २५२० येतं खरं, पण महिना ३१ चा धरा, २६०४ होतात, ५ ने भाग जात नाही, गेलं गूढ.

रामानुजनचा संबंध आहे तो वेगळाच. १९१५ च्या पेपरात त्यांनी भरपूर विभाजकवाल्या संख्या अभ्यासल्या, त्यात २५२० बसतो, ४८ विभाजक आहेत त्याला, त्याच्याहून लहान कुठल्याच संख्येला एवढे नाहीत. हे कोणी फॉरवर्ड करत नाही बघा.