लघवीची घाई: कळ आली की धावू नका

अचानक कळ येते, दम धरवत नाही, दाराची कडी काढेपर्यंत कपडे ओले होतात. अतिक्रियाशील मूत्राशयाचा हा त्रास अनेक बायका वर्षानुवर्षं लपवतात. मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते, पण इथे ते पुरतं भरण्याआधीच त्याचा स्नायू आकसतो. जंतुसंसर्ग आणि मधुमेहातही असंच होतं, म्हणून आधी लघवीची तपासणी हवी. लघवीत रक्त दिसलं तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

मग तीन दिवस नोंद ठेवा: काय नि किती प्यायलं, कधी गेलात, मापाच्या भांड्यात किती भरली, कधी गळाली. दर तासाला जावं लागत असेल तर पहिला आठवडा सव्वा तासाने जा. जमलं की दर आठवड्याला 15 मिनिटं वाढवत तीन-चार तासांपर्यंत न्या. निदान सहा आठवडे नेटाने करावं लागतं. ‘बाहेर पडतेय, जाऊनच येते’ ही सवय मात्र मोडायलाच हवी. थोड्याशा लघवीलाही रिकामं व्हायचं वळण मूत्राशयाला तिच्यामुळेच लागतं.

मधेच कळ आली तर? धावलात तर पोटावर दाब येतो आणि नेमकी तेव्हाच गळते. जागीच थांबा, जमल्यास बसा. लघवी नि वारा दोन्ही रोखताना आवळतो ते स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडा. त्याने मूत्राशयाचा स्नायू सैलावतो. कळ चढते तशी ओसरते. ओसरल्यावर सावकाश चालत जा.

हेच स्नायू बळकट करायला दिवसातून तीनदा, दर खेपेला आठ वेळा आवळा. प्रत्येक वेळी जमेल तितकं, हळूहळू 10 सेकंदांपर्यंत धरा आणि तेवढीच विश्रांती घ्या. श्वास कोंडला किंवा पोट, नितंब आवळले की मेहनत वाया जाते. फरक दिसायला तीन महिने लागू शकतात.

गळतीच्या धास्तीने पाणी तोडणं ही सर्रास होणारी चूक. दाट लघवी मूत्राशयाला उलट डिवचते. पाणी तोडण्यापेक्षा चहा-कॉफी कमी करा, बद्धकोष्ठता हटवा, वजन जास्त असल्यास उतरवा.

एवढ्यानेही भागलं नाही तर घोट्याजवळच्या, मूत्राशयाच्या नसांशी जोडलेल्या नसेला (मज्जातंतूला) सौम्य विद्युतप्रवाह देतात. घोट्याच्या आतल्या बाजूला साधारण 5 सेंटीमीटर वर बारीक सुई टोचतात. नस बरोबर सापडली की पायाचा अंगठा आपसूक वाकतो. दर आठवड्याला 30 मिनिटं, असं 12 वेळा. गुण आला तरी तो टिकवायला पुढेही अधूनमधून जावं लागतं.