बरोक

बरोक : सतराव्या शतकात व अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात यूरोपात प्रचलित असलेली कलाशैली. चित्र, मूर्ती व वास्तू या कलांबरोबर संगीतालाही हीच संज्ञा लावतात. मराठीत ‘बरॉक’ असेही लिहितात. कालमर्यादा सामान्यतः १६०० ते १७५० अशी धरली जाते. मात्र रोममध्ये या शैलीची चाहूल सोळाव्या शतकाच्या अखेरीसच लागते, तर पोर्तुगाल व त्याच्या वसाहतींत ती १७५० नंतरही रेंगाळलेली दिसते. स्वतःला ‘बरोक’ म्हणवणारा एकही कलावंत त्या काळात नव्हता. हे नाव मागाहून चिकटले, आणि तेही प्रथम टीकेच्या भरात.

संज्ञेची व्युत्पत्ती : याविषयी दोन मते प्रमुख आहेत. पहिल्या मतानुसार शब्दाचे मूळ पोर्तुगीज ‘बारोकू’ म्हणजे बेढब मोती यात आहे. या अर्थाचा एक जुना दाखला गोव्यातील आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने भारतातील औषधी द्रव्यांवर लिहिलेला संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात मोत्यांची चर्चा करताना, गोल नसलेल्या व पाणी मेलेल्या मोत्यांसाठी त्याने हा शब्द वापरला आहे. फ्रेंच अकादमीच्या १६९४ च्या कोशातही ‘बरोक’चा अर्थ केवळ ‘फारसा गोल नसलेला मोती’ असा आहे. ‘विक्षिप्त, विषम’ हा लाक्षणिक अर्थ १७४० च्या आवृत्तीत आला. पोर्तुगीज शब्दाच्याही मागे जाऊन काहींनी लॅटिन ‘वेरूका’ (चामखीळ) सुचविला आहे. पण तेथे वाट निसरडी होते.

दुसरे मत तर्कशास्त्राकडे बोट दाखविते. मध्ययुगीन पंडितांनी संविधानांचे (दोन विधानांवरून तिसरे काढणाऱ्या अनुमानांचे) प्रकार पाठ करण्यासाठी काही निरर्थक शब्द योजले होते. ‘बारोको’ हा त्यांपैकी एक; त्यातील आ-ओ-ओ हे स्वर विधानांचे प्रकार सांगतात (‘आ’ म्हणजे ‘सर्व … आहेत’, ‘ओ’ म्हणजे ‘काही … नाहीत’). उदा., सर्व खरे मोती गोल असतात. या ताटातील काही मणी गोल नाहीत. म्हणून या ताटातील काही मणी खरे मोती नाहीत. (पहिले विधान ऑर्ताला मान्य झाले नसते, हा भाग वेगळा.) सोळाव्या शतकात फ्रेंच निबंधकार माँतेन्यने हा शब्द पंडिती घोळाची टिंगल करण्यासाठी वापरला होता. विचारवंत रूसोने आपल्या संगीतकोशात (१७६८) ‘बरोक’ संज्ञा याच ‘बारोको’वरून आली असावी असे म्हटले, आणि पुढे इटालियन तत्त्वज्ञ क्रोचेनेही या मताला वजन दिले. तथापि कोशांतील नोंदींचा क्रम पाहता मोत्याचा पक्ष अधिक सबळ वाटतो. तर्कशास्त्रातील शब्दाच्या साधर्म्यामुळे निंदेची छटा गडद झाली, एवढे मात्र संभवते.

टीकेकडून शैलीनामाकडे : कलेच्या संदर्भात हा शब्द आधी संगीताला लागला, ही गोष्ट बरेचदा नजरेआड होते. फ्रेंच संगीतकार रामोचा ‘इपोलित ए आरिसी’ हा ऑपेरा १७३३ मध्ये पॅरिसला रंगभूमीवर आला. पुढच्याच वर्षी एका निनावी पत्रात त्यातील विसंवादी स्वरांचा मारा व सतत बदलणारी लय-पट्टी यांना उद्देशून ‘बरोक’ म्हटले गेले. रूसोच्या कोशातील व्याख्याही अशीच : गोंधळलेला स्वरमेळ आणि ओढूनताणून आणलेली, गायला अवघड चाल.

दृक्कलांच्या इतिहासात संज्ञेतील निंदेची धार बोथट करण्याचे श्रेय मुख्यतः स्विस कलेतिहासकार व्हल्फलिनला जाते. १८८८ मधील ग्रंथात त्याने प्रबोधनकाल व बरोक यांची तुलना केली. १९१५ मध्ये त्याने पाच द्वंद्वे मांडली : रेषाप्रधान विरुद्ध रंगप्रधान, बंदिस्त विरुद्ध खुली रचना इत्यादी. ही द्वंद्वे चित्रे, मूर्ती व इमारती पाहून सुचलेली होती. संगीतशास्त्रज्ञ कुर्ट झाक्सने १९१९ मध्ये ती संगीताला लावून पाहिली, आणि ‘बरोक संगीत’ हा शब्दप्रयोग रूढ होण्यास चालना मिळाली. चित्रातील ‘खुली रचना’ आणि संगीतातील ‘खुली रचना’ एकच का मानावी, याचे समाधानकारक उत्तर या पद्धतीत सापडत नाही. त्यामुळे संगीतापुरते तरी जर्मन संगीतशास्त्रज्ञ हूगो रीमानचे ‘अंकित खर्जाचे युग’ (अंकित खर्ज म्हणजे काय, ते पुढे संगीताच्या भागात येईल) हे नाव जास्त नेमके ठरते. ते रूढ मात्र झाले नाही.

दृक्कला : ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेने (१५४५–६३) आपल्या अखेरच्या बैठकीत धार्मिक प्रतिमांचे समर्थन केले व त्यांनी भाविकांना शिकवावे, हेलावून सोडावे अशी अपेक्षा धरली. बरोक कला थेट या ठरावातून निघाली असे जुने अभ्यासक मानीत; आता हा संबंध इतका सरळ मानला जात नाही. इटालियन चित्रकार काराव्हाद्‌जोच्या ‘संत मॅथ्यूला पाचारण’ (१५९९–१६००) या चित्रात कर वसूल करणारे लोक मेजाभोवती पैसे मोजत बसले आहेत आणि उजवीकडून तिरपा प्रकाश भिंतीवर पडतो. चमत्कार तेवढाच. शिल्पकार बेर्नीनीने संत तेरेसाच्या शिल्पावर (१६४७–५२) प्रेक्षकाला न दिसणाऱ्या झरोक्यातून उजेड सोडला. रोममधील सांत इन्यात्सियो चर्चमध्ये चित्रकार पोत्सोने सपाट कापडावर घुमट रंगविला आहे. जमिनीवर बसविलेल्या खुणेच्या तबकडीवर उभे राहिले की घुमट खरा भासतो. चार पावले बाजूला सरकले की तो कलंडतो.

संगीत : आरंभ म्हणून इटालियन संगीतकार पेरीच्या ‘एउरिदिचे’ या ऑपेराकडे निर्देश करतात. तो फ्लॉरेन्समध्ये १६०० साली मारिया दे मेदिची व फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यांच्या विवाहोत्सवात झाला. शब्द स्पष्ट कळावेत, म्हणून अनेक गळ्यांच्या गुंफणीऐवजी एकच गळा व त्याखाली साथ, ही त्यामागील कल्पना. संगीतकार मोन्तेव्हेर्दीने १६०५ मध्ये या नव्या रीतीला ‘दुसरी पद्धती’ म्हणून पाठिंबा दिला.

या संगीताचा कणा म्हणजे ‘बास्सो कंतिनुओ’, अर्थात खर्जाची अखंड ओळ. ती चेलो किंवा तत्सम वाद्यावर वाजे, आणि वरचे स्वर हार्प्सिकॉर्ड (तारा छेडणारे पट्ट्यांचे वाद्य), ऑर्गन वा थियोर्बो (लांब दांड्याचे ल्यूटसारखे तंतुवाद्य) यांचा वादक आयत्या वेळी भरी. रचनाकार फक्त अंक लिहून ठेवी. आपल्या स्वरनामांत सांगायचे तर, खर्जातील ‘सा’वर अंक नसेल तर वर ‘ग’ व ‘प’ घ्यायचे. ‘६’ असेल तर ‘ग’ व ‘ध’. ते एकदम आपटायचे की उलगडत न्यायचे, हे वादकावर सोपविलेले असे. छापील प्रतीत आज भरगच्च दिसणारी साथ बहुधा नंतरच्या संपादकाची असते.

१७५० ही अखेर जर्मन संगीतकार योहान झेबास्टिआन बाखच्या मृत्यूवरून ठरविली आहे व ती सोयीपुरती समजावी. पेर्गोलेझीची हलकीफुलकी ‘ला सेर्व्हा पाद्रोना’ ही ऑपेराकृती १७३३ मधील आहे, आणि बाखचे मुलगे वडिलांच्या हयातीतच वेगळ्या वळणाने लिहू लागले होते.

गोवा : जुन्या गोव्यातील बॉम जेझुस चर्चला (१५९४–१६०५) सर्रास बरोक म्हटले जाते. दर्शनी भाग पाहता काही अभ्यासकांना ते रीतिलाघववादाच्या (मॅनरिझम; बरोकच्या आधीची सोळाव्या शतकातील शैली) जवळचे वाटते, आणि ते पटण्यासारखे आहे. त्याचा उघडा जांभा मूळचा नाही. विसाव्या शतकात गिलावा काढल्यामुळे तो दिसू लागला. मुख्य वेदी मात्र निःसंशय बरोक आहे : सोनेरी मुलाम्याच्या मखरात जेझुइट पंथाचा संस्थापक संत इग्नेशस याची भव्य मूर्ती, नजर वरच्या सूर्यबिंबाकडे लागलेली, आणि पायथ्याशी लहानसा बाळ येशू. संत फ्रान्सिस झेव्हियरच्या समाधीचा रंगीत संगमरवरी चौथरा व त्यावरील ब्राँझची उत्थित शिल्पे फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याची. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने ती पाठविली व १६९८ मध्ये येथे बसविली गेली. चौथऱ्यावर ठेवलेली चांदीची पेटी सुमारे साठ वर्षे आधीची, गोव्याच्या कारागिरांनी घडविलेली आहे.