धनाग्रीकरण : इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या आवरणांचे

ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर विद्युत् रासायनिक रीतीने ऑक्साइडाचा कठीण थर वाढविण्याची प्रक्रिया. ॲम्प्लिफायर, मीटर, राउटर, लॅपटॉप इ. उपकरणांच्या आवरणांना टिकाऊ धातूची झाक आणण्यासाठी ती वापरतात. ठाणे-नवी मुंबईच्या कारखान्यांत 'ॲनोडायझिंग' हाच शब्द चालतो. वस्तू विद्युत् घटात धनाग्राच्या (ॲनोडच्या) जागी टांगतात, म्हणून हे नाव. विद्युत् विलेपनात वस्तू ऋणाग्र असते व तिच्यावर दुसरा धातू येऊन बसतो; येथे थर मूळ धातूतूनच उगवतो, त्यामुळे रंगाप्रमाणे त्याचे पोपडे निघत नाहीत.

शोधाचे श्रेय कोणाला द्यावे याबाबत एकवाक्यता नाही. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख बुफ यांनी १८५७ मध्ये विद्युत् प्रवाहाने ॲल्युमिनियमवर नेहमीपेक्षा जाड ऑक्साइड येतो असे नोंदविले होते. बहुतेक संदर्भग्रंथ मात्र बेंगॉ व स्टुअर्ट यांच्या १९२३ च्या ब्रिटिश एकस्वापासून (पेटंटपासून) सुरुवात करतात. समुद्री विमानांचे ड्युरॅल्युमिनचे (ॲल्युमिनियम-तांबे मिश्रधातूचे) भाग खाऱ्या पाण्याने खाल्ले जाऊ नयेत म्हणून त्यांनी क्रोमिक अम्ल योजले. जपानात त्याच सुमारास कुजिराई व उएकी यांनी ऑक्झॅलिक अम्लाची रीत काढली. बुफ यांचे काम हे निरीक्षण होते, प्रक्रिया नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आवरणांपुरते बोलायचे तर गोवर व ओब्रायन यांचे सल्फ्यूरिक अम्लाचे १९२७ चे एकस्व महत्त्वाचे ठरते. क्रोमिक अम्लातील थर पातळ व करडा असतो, तर सल्फ्यूरिक अम्लातील थर पारदर्शक असून रंग चांगला शोषतो.

वस्तू प्रथम तेलविरहित करतात. मंद झाक हवी असल्यास काचेच्या बारीक मण्यांचा मारा करतात किंवा कॉस्टिक सोड्यात खरवडतात. मागे राहिलेला काळा थर नायट्रिक अम्लात उतरवितात. नंतर सु. १५ ते २० टक्के सल्फ्यूरिक अम्लात, १८° ते २२° से. तापमानास, प्रत्येक चौ. डेसिमीटरला १ ते २ अँपिअर प्रवाह देतात. थर वाढताना उष्णता निर्माण होते. एप्रिल-मेच्या उकाड्यात चिलर (टाकी थंड ठेवणारे यंत्र) बंद पडला, तर टाकी तापून थर खडूसारखा भुसभुशीत होतो. बोट फिरविले की पांढरी भुकटी येते. आवरणांना साधारण १० ते २५ मायक्रॉन थर देतात. त्यातील सु. तिसरा हिस्सा मूळ मापाच्या बाहेर वाढतो, म्हणून आट्यांची छिद्रे आधीच किंचित मोठी ठेवावी लागतात.

ऑक्साइडात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे असतात व प्रत्येकाच्या मधोमध सूक्ष्म रंध्र असते. अल्कोआ या अमेरिकन ॲल्युमिनियम कंपनीच्या केलर, हंटर व रॉबिन्सन यांनी १९५३ मध्ये मांडलेली ही प्रतिकृती, बारीकसारीक दुरुस्त्यांसह, अजूनही मानली जाते. रंग या रंध्रांत शिरतो आणि रंध्रे बुजविल्यावरच तो टिकतो. ९६° से.च्या वर तापविलेल्या शुद्ध पाण्यात ऑक्साइडाचे बोहमाइट (जलयुक्त ऑक्साइड) होते, आकारमान वाढते व रंध्राचे तोंड बंद होते. दर मायक्रॉनला सु. २ ते ३ मिनिटे धरतात. पाण्यात सिलिकेट वा फॉस्फेट असल्यास हे बुजविणे अडते. म्हणून येथे खनिजमुक्त पाणीच लागते. निकेल ॲसिटेटचा मार्गही रूढ आहे. टिकाऊपणाची खरी कसोटी हीच पायरी होय, तरीही ऑर्डर घाईची असेल तेव्हा वेळ नेमकी इथेच कापली जाते. फसलेले काम पहिल्या पावसाळ्यात कळते: हात लागून रंग उतरतो, ठाणे खाडीकडच्या खारट हवेत टिंबे पडतात. कारखान्यात मिठाच्या फवाऱ्याने, म्हणजे ३५° से.ला ५ टक्के मिठाच्या द्रावणाचे धुके देऊन, हीच परीक्षा घेतात. भारतात या थरांसाठी भारतीय मानक १८६८ लागू आहे.

मिश्रधातूची निवड पुष्कळदा दुर्लक्षित राहते. ६०६३ क्रमांकाच्या मिश्रधातूच्या, दाबून काढलेल्या (एक्स्ट्रुडेड) पट्ट्यांवर स्वच्छ झाक येते. १० ते १२ टक्के सिलिकॉन असलेल्या साच्यातील ओतीव आवरणांवर करडे डाग उमटतात. ती पावडर कोटिंगला देणेच बरे. ऑक्साइड विद्युत् निरोधक असल्याने अर्थिंगच्या स्क्रूखालचा भाग झाकून ठेवावा किंवा नंतर घासावा लागतो. अँटेना आत असलेल्या उपकरणांत अखंड धातूचे आवरण रेडिओ लहरी अडविते. म्हणून तेथे प्लॅस्टिकच्या खिडक्या ठेवतात किंवा प्लॅस्टिकवर निर्वातात कथिल वा इंडियमचे तुटक ठिपके बसवितात.

आवरण प्लॅस्टिकचेच असून त्याला धातूची झाक हवी असल्यास एबीएस या ब्युटाडाइनयुक्त प्लॅस्टिकवर निकेल व क्रोमचे विलेपन होते. त्यासाठी क्रोमिक-सल्फ्यूरिक अम्लाने ब्युटाडाइनचे कण खोदून पृष्ठभाग खडबडीत करावा लागतो.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी. खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे, पावणे ते तुर्भे-नेरूळ असा ठाणे-बेलापूर पट्टा आहे; महापे येथे इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठीचे 'इलेक्ट्रॉनिक सदन' आहे. या कारखान्यांत विलेपनाच्या सांडपाण्यातील विषारी षट्संयुजी क्रोमियम सोडियम मेटाबायसल्फाइटने कमी घातक त्रिसंयुजी करून चुन्याने खाली बसवितात. सल्फ्यूरिक अम्लाच्या धनाग्रीकरणात क्रोमियम नसते. गाळ मुख्यतः ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडाचा असतो. तो फिल्टर प्रेसमध्ये दाबून घट्ट करतात.